डागाचं नाणं

इब्राहिमभाई टंचवाले आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत, हे पिंपरीच्या बाजारात कुणीही सांगेल. पण ते कधी पुरतंही बोलले नाहीत, हे कुणी सांगत नाही. आणि घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं.

सराफांच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान. दुकान कसलं हो, एक माणूस बसला की दुसऱ्यानं दारात उभं राहायचं, एवढीच जागा. सोन्यात सोनं किती आणि तांबं-चांदी किती, हे सांगायचं त्यांचं काम. बाजारात त्यालाच टंच काढणं म्हणतात. काळा कसोटीचा दगड, तेजाबाच्या दोन बाटल्या, एक भिंग आणि काचेच्या पेटीतला तराजू, एवढ्यावर माणसानं पन्नास वर्षं काढली. अलीकडे त्यांच्या मुलानं, सरफराजनं, शेजारचा गाळा घेऊन तिथं मशीन बसवलं. सोनं आत ठेवलं की पडद्यावर आकडा येतो. तरी जुने सराफ अडले की म्हाताऱ्याकडेच येत, आणि मशीनचा आकडा पटला नाही की सरफराजही मुकाट्यानं बापाच्या दगडाकडे येई.

घराणं मूळचं चाकणच्या पेठेतलं. वडीलही हेच करायचे. त्यांनी पोराला दोन गोष्टी बजावून ठेवल्या होत्या. सोनं हातात असताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं नाही. तोंड बघितलं की दया येते, आणि दया आली की टंच चुकतो. आणि निकाल सांगून गप्प बसायचं. जास्त बोललं की वाद वाढतो. इब्राहिमभाईंनी दोन्ही गोष्टी जन्मभर पाळल्या. "खरं." "खोटं." "भेसळ जास्त." आणि मान वर न करताच, "पुढचा." बाजारातली टवाळ मंडळी म्हणायची, इब्राहिमभाईंच्या तोंडून शब्द काढायचा तर तिथंही तेजाबच टाकावं लागेल. घरी त्यांच्या बायकोची, ताजुन्निसाची, तक्रार काही निराळी नव्हती. त्यांना ह्याचा राग येत नसे. खरं सांगायचं तर मनातून थोडा अभिमानच होता. पन्नास वर्षांत त्यांचा एकही निकाल फिरून परत आला नव्हता.

तो आला मार्च महिन्यात, एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला.

कासारवाडीचा धम्मरत्न म्हणून चाळिशीतला एक गृहस्थ आईला घेऊन आला. चाकणच्या एका कंपनीत तयार झालेल्या भागांची मापं तपासायचं त्याचं काम. दुसरी शिफ्ट होती म्हणून सकाळी मोकळा. त्याची आई सोजरबाई, सत्तरीच्या पुढची, पांढरी साडी, डोक्यावर पदर, पायरीवरच टेकली. धम्मरत्ननं रुमालाची गाठ सोडून एक नाणं पुढं ठेवलं. इंग्रजांच्या वेळची गिन्नी. एका बाजूला राजाचा मुखडा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, वर दोऱ्यात ओवायला जोडलेली कडी.

खरी की खोटी एवढंच सांगा, असं धम्मरत्न म्हणाला. मग न राहवून पुढंही बोलला. पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं, आम्रपालीचं, लग्न होतं. त्याचे पणजोबा पलटणीत होते, ते बसऱ्याच्या लढाईवरून ही गिन्नी घेऊन आले, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात ती नव्या नवरीच्या गळ्यात पडत आली होती. आम्रपाली हटून बसली होती की आजीची गिन्नी मला पाहिजे. आणि आजी म्हणत होती, खोटं नाणं पोरीच्या गळ्यात घालणार न्हाई. धम्मरत्ननं आपल्या कंपनीतल्या सवयीनं व्हर्नियर पट्टी लावून गिन्नी मोजली, काट्यावर तोललीही. रुंदी बरोबर भरली, वजन मात्र जास्त. तोही बिचारा बुचकळ्यात पडला.

इब्राहिमभाईंनी हे सगळं ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी गिन्नी उचलली होती. नाणं पारखायची त्यांची रीत ठरलेली. आधी तळहातावर नुसतं तोलायचं. मग भिंगातून काठ बघायचा. साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याचा काठ भोंगळ असतो, त्याच्या अंगावर बारीक खड्डे दिसतात. ठोकून पाडलेल्या नाण्याच्या काठावरच्या रेघा शंभर वर्षांनीही बोटाला लागतात. ह्या गिन्नीच्या लागत होत्या. राजाचा कान आणि घोड्याची मांड घासून गुळगुळीत झाली होती, म्हणजे जिथं उंचवटा तिथंच झीज, गळ्यावर घासून घासून झालेली. रंग जरा काळपट तांबूस होता, पण गिन्नीत तांबं असतंच आणि आगीजवळ नेली की ते वर येतं. नाण्याचा आवाज ऐकायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही; कडी जोडलेलं नाणं वाजत नाही. कडीपासून लांबचा काठ त्यांनी दगडावर ओढला, शेजारी ठाऊक असलेल्या गिन्नीची रेघ ओढली, दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडला. दोन्ही रेघा जागच्या हलल्या नाहीत.

"खरं," इब्राहिमभाई म्हणाले, आणि सवयीनं तोंडावर आलेलं "पुढचा" त्यांनी गिळलं, कारण दारात दुसरं कुणी नव्हतं.

धम्मरत्न जागचा हलला नाही. नीट बघा म्हणाला. इब्राहिमभाईंचं टाळकं सणकलं. पन्नास वर्षं नीटच बघतोय, असं त्यांनी सुनावलं. त्यावर धम्मरत्नचाही आवाज चढला. मग बावीस वर्षांपूर्वी खोटं कसं सांगितलंत, म्हणाला. ह्याच दुकानात, ह्याच जागेवर बसून. अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, भिवानं, हीच गिन्नी इथं दाखवली होती. आणि त्या दिवसापासून अण्णांनी आईला मरेपर्यंत चोर ठरवलं.

इब्राहिमभाईंनी मान वर केली. खऱ्या सोन्याला खोटं म्हणायची चूक त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असेल, असं म्हणून त्यांना हात झटकता आले असते. बाजारात टंचवाले काय ते एकटेच नव्हते. पण पायरीवरच्या बाईंकडे त्यांचं लक्ष गेलं. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्या नुसत्या वाट बघत होत्या, आणि ती वाट आजची नव्हती.

"माझे शब्द काय होते, ते आठवतात का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"आठवायला इसरले कवा?" सोजरबाई म्हणाल्या. "तुमी त्यास्नी म्हनलात, डागाचं हाय. एवढंच. अन् नाणं परत दिलं."

इब्राहिमभाईंनी हातातलं भिंग खाली ठेवलं.

आता इथं जरा थांबून सांगायला हवं. सोनाराच्या बोलीत डाग म्हणजे सांधा. दोन तुकडे जोडायला मधे जो हलका धातू वितळवून लावतात, तो डाग. डागाचं नाणं म्हणजे कडी जोडलेलं नाणं. त्याचं वजन वाढतं, आवाज बसतो, आणि कडीजवळ घासलं तर टंच खोटा निघतो. म्हणून टंचवाला म्हणतो, डागाचं आहे. म्हणजे नुसत्या वजनावरून आणि आवाजावरून सांगता येणार नाही. सराफाला एवढं पुरतं. पण भिवा सराफ नव्हता. भट्टीवर लोखंड ओतणारा कामगार, दुसऱ्या शिफ्टला जाता जाता गणवेशातच आलेला. आपल्या घरात, आपल्या भांडणात डाग म्हणजे डाग. त्यानं ऐकलं ते तेवढंच.

सोजरबाईंनी मग तो दिवस सांगितला, फार आवाज न करता. गिन्नी काळवंडली म्हणून भिवाला शंका आली होती. पारख करून तो आला, ताटावर बसला, आणि जेवता जेवता म्हणाला की आपली गिन्नी कुठं घातलीस, ही तर डागाची आहे. सोजरबाई काहीच बोलल्या नाहीत. भिवानं मारलं नाही, ओरडला नाही. त्यानं पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या करगोट्याला बांधली. सोळा वर्षं ती किल्ली त्याच्या कमरेला होती. साडीचोळी हवी असली तरी सोजरबाईंनी मागायची आणि त्यानं उठून काढून द्यायची. शेवटी दवाखान्यात नर्सनं करगोटा कापून किल्ली त्यांच्या हातात ठेवली. ह्याला आता सहा वर्षं झाली होती.

इब्राहिमभाईंनी भिवाचा चेहरा आठवून बघितला. येईना. त्यांनी तो कधी बघितलाच नव्हता. त्यांचा एक शब्द कमरेला बांधून हा माणूस सोळा वर्षं जगला आणि गेला, आणि त्यांना तो रस्त्यात भेटला असता तरी ओळखू आला नसता. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी उघडी-नागडी लाज.

त्यांनी सरफराजला हाक मारली. मशीनवर गिन्नी दोनदा ठेवायला लावली. एकदा घोड्याच्या बाजूला मधोमध. आकडा आला बावीस कॅरेटचा, चोख. एकदा कडीच्या मुळाशी. आकडा धाडकन खाली. मायलेकांना दोन्ही आकडे दाखवले. मग दुकानात परत येऊन सोजरबाई पायरीवर टेकल्यावर ते त्यांच्या समोर, खालच्या पायरीवर बसले. सरफराज बघतच राहिला, कारण बापाला गिऱ्हाइकापुढं असं बसलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"नाणं खरं आहे, ताई. तेव्हाही खरंच होतं. चूक माझी. मी पुढचं बोललो नाही."

"पुढचं काय व्हतं?"

"कडी काढून आणा, मग सांगतो."

"एवढंच?"

"एवढंच."

सोजरबाईंनी ते वाक्य तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून बघितलं. धम्मरत्नच्या डोळ्यांत पाणी आलं. तो आईच्या पाठीवर हात फिरवू लागला, की झालं आई, सुटलीस, आता आम्रपालीच्या गळ्यात तूच घाल, सगळ्यांदेखत घाल. पण आईचा चेहरा काही सुटेना. तो उलट जास्तच आवळत चालला होता.

इब्राहिमभाईंना एक गोष्ट खटकत होती. पन्नास वर्षं जी सवय केली नाही ती आज एकदम लागल्यासारखं त्यांनी पुढं विचारलं. मूळची कडी जुनी असणार, पण हा डाग तेव्हाचा नाही, नंतरचा आहे. हा कुणी दिला? आणि भिवानं पारखायला आणली तेव्हा घरात कुणीच कसं म्हणालं नाही, की कडी नुकती जोडून आणली आहे?

सोजरबाईंनी रुमालाची गाठ चाचपली. मग म्हणाल्या, "माझ्या भावानं आनला डाग देऊन. नवनाथनं."

कडी झिजून तुटली होती. भिवा शिफ्टला गेला होता. धाकटा भाऊ नवनाथ आला होता, तो म्हणाला, चाकणला पेठेत माझ्या ओळखीचा सोनार आहे, उद्या जोडून आणतो. दुसऱ्या दिवशी आणलीही. एवढ्या तेवढ्या गोष्टीत नवऱ्याला काय सांगायचं, म्हणून सोजरबाईंनी सांगितलं नाही. आणि आठ दिवसांनी भिवा पारख करून आला. गिन्नी डागाची, म्हणजे खोटी. ती एक रात्र कुणाकडे होती, हे सोजरबाईंनाच ठाऊक. भावाचं नाव घेतलं असतं तर भिवानं त्याला चौकात उभा केला असता. म्हणून त्यांनी चोरी स्वतःच्या अंगावर घेतली आणि तोंड शिवलं. पण मनात त्यांनी भावाला सोडलं नाही. पुढच्या महिन्यात नवनाथ आला तेव्हा त्यांनी आतून कडी लावली. तो दारात उभा राहून आक्का, आक्का करत होता. तीनदा आला. मग यायचा थांबला. बावीस वर्षं बहीणभावानं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

"मला चोर ठरवलं त्यांनी, त्ये मी सोसलं," त्या म्हणाल्या. "मी त्याला ठरवलं, त्याचं काय करू?"

नवनाथ हयात होता. नाणेकरवाडीत राहत होता, एवढं धम्मरत्नला नातेवाइकांकडून कळलेलं होतं. सोजरबाई उठल्या आणि आत्ताच जायचं म्हणाल्या. इब्राहिमभाईंनीही टोपी घातली. दुकान सरफराजवर टाकून ते धम्मरत्नच्या गाडीत पुढं बसले. कुणी त्यांना या म्हटलं नव्हतं, पण कुणी नकोही म्हणालं नाही.

भोसरी, मोशी मागं पडली. चाकणच्या अलीकडे कंटेनरांच्या रांगेत गाडी अडकली ती अडकलीच. धम्मरत्न गाडी बंद करून आईला समजावू लागला. त्याचं म्हणणं काही वेडगळ नव्हतं. मामाला गिन्नीचं काहीच ठाऊक नाही. आपल्यावर आळ आहे, हेच त्याला कुणी सांगितलेलं नाही. मग आता कशाला सांगायचं? लग्नाचं निमंत्रण द्यायचं, झालं गेलं विसर म्हणायचं, म्हातारा खूश होईल. तू मला चोर समजत होतीस, हे ऐकून त्याच्या काळजाला उगाच घर कशाला पाडायचं?

सोजरबाईंना ते पटावंसं वाटत होतं, हे आरशात दिसत होतं. त्यांनी पुढं बसलेल्या इब्राहिमभाईंना विचारलं, तुमचं काय म्हणणं?

 आपल्याला हे सांगायचा हक्क आहे का, हाच इब्राहिमभाईंना प्रश्न होता. मग ते म्हणाले, "अर्धं सांगितलं की काय होतं ते आज बघितलं, ताई. जायचंच तर पुरतं सांगा. माझ्या वाटणीचं मी सांगतो."

नवनाथची खोली पत्र्याची, कंपनीच्या भिंतीला लागून. तो बाहेर खाटेवर बसून लसूण सोलत होता. एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यानं आधी धम्मरत्नला बघितलं, ओळखलं नाही. मग पांढऱ्या साडीकडे बघत उभा राहिला. लसूण मांडीवरून खाली सांडला. आक्का, एवढंच म्हणाला. का आलीस, इतक्या वर्षांत का नाही आलीस, काही विचारलं नाही. पाणी आणतो म्हणून आत वळला, तर सोजरबाईंनी त्याचा हात धरला आणि पाणी नंतर, आधी बस, म्हणून खाटेवर बसवलं.

आधी इब्राहिमभाईंनी सांगितलं. आपण कोण, काय शब्द बोललो, त्याचा अर्थ काय होता आणि कोणतं वाक्य बोलायचं राहिलं. इतकं सलग ते आयुष्यात कधी बोलले नसतील. मग सोजरबाईंनी रुमाल सोडून गिन्नी भावापुढं धरली.

"गिन्नी तू बदललीस असं वाटलं मला. तुला चोर समजले मी, नवनाथ. म्हणून दार लावलं."

नवनाथनं वाकून चांगल्या डोळ्यानं गिन्नी बघितली. भिंतीपलीकडे कंपनीत कसला तरी भोंगा वाजला आणि थांबला. धम्मरत्ननं मान फिरवली. आता मामा काय बोलतो ते त्याला ऐकवत नव्हतं.

"चोर?" नवनाथ म्हणाला. "चोर समजलीस व्हय?"

"व्हय."

"नक्की? दुसरं काय न्हाई?"

सोजरबाईंना कळेना. दुसरं काय असणार, म्हणाल्या.

नवनाथनं डोळे पुसले, मोतीबिंदूचा आधी, मग चांगला. "आपल्या बापानं गावकीचा झाडू फेकून गाव सोडलं, आन् मी कंपनीत येऊन परत झाडूच धरला. संडास धुतले. तुजा मालक कामगार, वर्दीवाला. मला वाटायचं, झाडूवाला भाऊ दारात नको झाला तुला. बावीस वर्सं ह्येच धरून बसलो व्हतो." त्यानं बहिणीकडे बघितलं. "चोर समजलीस, त्ये परवडलं, आक्का."

सोजरबाई त्याच्या शेजारी खाटेवर बसल्या आणि त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन तशाच बसून राहिल्या.